झुंबरबाईच्या कोंबड्यांचं पाणी

झुंबरबाईच्या घरी पाव्हण्याला एक वेळ कालचं पाणी मिळेल, पण कोंबडीला मिळायचं नाही, असं अख्खी वस्ती म्हणायची. आणि वस्ती काही खोटं बोलत नव्हती.

विंचूरच्या अलीकडं फाट्यावरून आत वळलं की कांद्याच्या चाळी आणि द्राक्षांचे मळे ओलांडून ही वस्ती लागते. झुंबरबाई सकाळी उठली की देवाच्या आधी परसात परळं घासायला बसायची. परळ म्हणजे मातीची पसरट थाळी. नारळाची किशी घ्यायची, राख घ्यायची आणि घसाघसा घासायचं. बोटाला जरा बुळबुळ लागली की पुन्हा पहिल्यापासून. मग पेरूच्या सावलीत विटा रचून त्यांच्यावर परळं ठेवायची, बरोब्बर कोंबडीच्या पाठीच्या उंचीला. खाली ठेवलं की पायानं उकरून माती उडवतात, वर त्यातच शिटतात आणि मग तेच पितात. दुपारी पाणी कोमट लागलं की ते झाडाला ओतून पुन्हा नवं भरायचं.

एवढं सगळं करून कोंबड्यांनी काय करावं? तुरुतुरु जावं आणि न्हाणीमागच्या चिखलात चोच बुडवावी.

"मेल्यांनो, तुमच्या नशिबातच गटार लिहिलंय!" म्हणून झुंबरबाई पायातली चप्पल उगारायची. कोंबड्या तेवढ्यापुरत्या पांगायच्या. चप्पल हातातून कधी सुटत नाही, हे त्यांना केव्हाच कळलं होतं. शेवटी जयरामनानांनी पाइप टाकून न्हाणीचं पाणी केळीच्या आळ्यात नेऊन सोडलं, तेव्हा कुठं राण्यांनी परळाकडं तोंड वळवलं.

जयरामनाना म्हणजे झुंबरबाईचे मालक. माणूस साधा, पण पाण्याच्या बाबतीत महाकडक. उभी हयात ग्रामपंचायतीच्या नळयोजनेवर गेली. रोज टाकीच्या शिडीवरून वर चढायचं, टीसीएलची म्हणजे क्लोरीनची पावडर कालवायची, मग गावातल्या कुठल्याही नळाचं पाणी काचेच्या नळीत घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकायचे आणि रंग बघायचा. पिवळा आला म्हणजे क्लोरीन नळापर्यंत पोचलं, नाना खूश. "गाव सुखरूप हाय," म्हणायचे आणि मगच चहा घ्यायचे. शेजारच्या गावांत जुलाबाच्या साथी आल्या आणि गेल्या, या गावाला कधी झळ लागली नाही. त्याबद्दल नानांना कुणी हार घातला नाही, ही गोष्ट वेगळी. निवृत्त झाले तरी हात कसा स्वस्थ बसणार? खिशात क्लोरीनची छोटी बाटली कायम. घरच्या हंड्यात थेंब, रांजणात थेंब आणि मागच्या वर्षापासून कोंबड्यांच्या पाण्यातही थेंब.

मागच्या वर्षापासून का, तर मागच्या वर्षी मानमोडी आली. गावरान कोंबड्या पाळणाऱ्यांना हे नाव ऐकूनच कापरं भरतं. कोंबडी सुस्त होते, हिरवं हगते, मान पिळल्यासारखी वाकडी होते आणि जाते. एक गेली की पाठोपाठ खुराडंच्या खुराडं जातं. झुंबरबाईच्या सगळ्याच्या सगळ्या गेल्या. पहाटे बांग नाही, दुपारी अंडं घातल्याचा कल्ला नाही, परस नुसतं मुकं झालं. दोन्ही लेकी सासरी गेल्या तेव्हासुद्धा घर इतकं गप्प झालं नव्हतं. सवयीनं ती परळं घासायला बसायची आणि अर्ध्यात लक्षात यायचं, की आता पिणारं कोण आहे? मग पदर डोळ्याला लावायची.

आणि त्या भरात तिनं एक केलं. कुंपणापलीकडं माजिदा राहते. शिवणकाम करते, तिच्याही दारात कोंबड्या. तिचं पाण्याचं भांडं म्हणजे एक जुनं लोखंडी घमेलं, कडेला गंज, आत हिरवट थर. झुंबरबाई कुंपणाशी उभी राहिली आणि चार बायकांच्या देखत म्हणाली, "तुझ्या त्या घाणेरड्या पाण्यानं खाल्ल्या माझ्या कोंबड्या! शेवाळ काय, आळ्या काय, काय नाय ते विचार. तिथंच प्याल्या नि मेल्या."

माजिदानं घमेलं उचललं आणि घरात निघून गेली. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं म्हणजे "वीज गेली का?" आणि "आली का?" एवढंच उरलं.

तर यंदा चैत्रात झुंबरबाईकडं पुन्हा भरलं खुराडं होतं. बहिणीकडून अंडी आणि ती उबवायला एक खुडूक कोंबडी आणली होती, त्यातून पिल्लं, पिल्लांच्या अंड्यावर आलेल्या तलंगा, आणि एक कोंबडा. कोंबडा असा तोऱ्यात चालायचा की नानांनी त्याचं नाव सुभेदार ठेवलं. झुंबरबाईचा दिवस पुन्हा मार्गी लागला होता. आणि नेमकं तेव्हाच लासलगावच्या बाजारातून बातमी आली की तिकडच्या वस्त्यांवर कोंबड्या माना टाकायला लागल्यात.

"यंदा जर गेल्या," झुंबरबाई नानांना म्हणाली, "तर पुन्हा नाय पाळायच्या मी. माझ्यात तेवढी ताकद नाय हो."

विंचूरला जनावरांच्या दवाखान्यात गेली, तर तिथले डॉक्टर म्हणाले, "लस आहे मावशी, पण बाटली शंभर कोंबड्यांची येते. एकदा कालवली की दोन तासांत संपवायची, ठेवता येत नाही. तुमच्या शेजारच्या माजिदाबाईही विचारून गेल्यात. दोघींत एक घ्या की." झुंबरबाईच्या तोंडावर काही आनंद दिसला नाही. पण अडला हरी, करते काय? हो म्हणाली.

ठरल्या दिवशी सकाळीच माजिदा विंचूरला जाऊन बर्फाच्या थर्मासात बाटली घेऊन आली. आदल्या संध्याकाळी तिनं कुंपणावरून सगळं समजावून सांगितलं होतं. "आक्का, रात्रीपासून कोंबड्यांना पाणी द्यायचं नाय. तहानल्या पायजेत, म्हंजे सकाळी लशीचं पाणी घटाघटा पितात. आणि ते पाणी उकळून गार केलेलं घ्या. डॉक्टर दोनदा बोलले, पाण्यात औषध नको, क्लोरीन तर बिलकुल नको. लस जिवंत असती, क्लोरीननं मरून जाती. नायतर मग एकेकीला धरून डोळ्यात थेंब टाका, ते सगळ्यात पक्कं."

झुंबरबाईनं "हां हां" केलं. मनात म्हणाली, आता ही मला पाण्याचं शिकवणार! ही, घमेलंवाली! डोळ्यात थेंब टाकायचं तिला मुळीच नको होतं. एकेकीच्या मागं पळायचं म्हणजे गुडघ्यांची वाट, आणि सुभेदार धरू द्यायचा नाही तो नाहीच. तिनं पाणी मात्र खरंच उकळलं, स्टीलच्या पातेल्यात झाकून ओट्यावर ठेवलं. फक्त क्लोरीनचं नानांना सांगायचं राहून गेलं. राहून काय गेलं, माजिदाचा शब्द घरात उच्चारायला जीभच उचलली नाही, हे खरं.

सकाळी खुराड्यात नुसता दंगा. तहानेनं कोंबड्या दारावर चोची आपटत होत्या. माजिदानं लशीच्या पावडरीत बाटलीसोबत आलेलं औषधपाणी घालून बाटली हलवली, निम्मी लस स्वच्छ शिशीत काढून कुंपणावरून दिली. "आधी तुमचं उरका आक्का, माझी चुलीवर भाकर हाय. माझ्या अजून कोंडलेल्याच हायेत," म्हणाली आणि आपली शिशी बर्फात ठेवून आत गेली.

झुंबरबाईनं पातेल्यातलं पाणी परळांत ओतलं, लस कालवली, दार उघडलं. काय तुटून पडल्या! चोच बुडव, मान वर, चोच बुडव, मान वर. सुभेदारसुद्धा तोरा विसरून रांगेत घुसला. बघता बघता परळांच्या तळाशी थोडंसं पाणी उरलं. झुंबरबाई कमरेवर हात ठेवून बघत उभी राहिली. किती बरं वाटलं तिला! वाटलं, सुटले बाई, आता येऊ दे कुठली मानमोडी येती ती.

तेवढ्यात नाना मारुतीच्या पारावरून आले. परळांकडं बघून त्यांचाही चेहरा उजळला. "प्याल्या का? ब्येस झालं. रोगराईचे दिवस, म्हणून मी आज दोन थेंब जास्तीच टाकले बरं का."

"कशात?"

"त्या स्टीलच्या पातेल्यात. वर चिठ्ठी नव्हती, पण मी वळखलं, कोंबड्यांचंच असणार. पहाटंच टाकले. चांगलं मुरलं असंल आता."

झुंबरबाई परळांकडं धावली. "अहो, काय केलं हे! क्लोरीन नव्हतं टाकायचं!"

"का? क्लोरीननं कधी कोण मेलंय का?"

"लस मेली ना! ती जिवंत असती!"

नाना हसायलाच लागले. "जिवंत? औषध कसं जिवंत असंल?"

"जंतूच असतात त्यात. अशक्त केलेले. ते पोटात गेले की मग कोंबडी खऱ्या रोगाला पुरून उरती. माजिदानं सांगितलं होतं मला. कालच सांगितलं होतं!"

नानांचं हसू जागच्या जागी विझलं. पाण्यातला जंतू क्लोरीनपुढं किती वेळ टिकतो, हे या घरात त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? ते आत गेले, आपली काचेची नळी घेऊन आले. परळाच्या तळाचं पाणी नळीत घेतलं, औषधाचे थेंब सोडले आणि नळी उन्हात धरली. पाणी पिवळंजर्द झालं. जन्मभर ज्या रंगावर ते चहा प्याले, त्या रंगाची नळी त्यांनी खाली ठेवून दिली.

"मारली," ते म्हणाले. "सगळी मारली मी."

झुंबरबाईचं डोकं असं तापलं होतं की विचारू नका. "घ्या! करा शुद्ध! देवाच्या तीर्थात टाका, माझ्या चहात टाका, काय ठेवू नका! अहो, विचारायचं तरी होतं एका शब्दानं!"

"तू तरी सांगायचं होतंस," नाना हळूच म्हणाले.

झुंबरबाईनं परसाकडं तोंड फिरवलं. कोंबड्या पोटभर पाणी पिऊन पेरूखाली निवांत धुळीत लोळत होत्या. त्यांच्याकडं बघून तिला भडभडून आलं. सगळं संपलं म्हणायचं का? लस गेली. बर्फ वितळत होता. आणि जी काही उरली होती, ती कुंपणापलीकडं, माजिदाच्या शिशीत.

काय नामुष्की! ज्या बाईला घाणेरडं पाणी म्हणून हिणवलं, तिच्याच दारात जाऊन सांगायचं की माझ्या घासूनपुसून ठेवलेल्या परळात लस मेली. त्यापेक्षा धरणीनं पोटात घेतलं तर बरं. दोन पावलं पुढं गेली, एक मागं आली. मग पेरूखालच्या एका तलंगेनं पंख फडफडवून मान ताठ केली. झुंबरबाईला तीच मान वाकडी झालेली दिसली, आणि ती तरातरा निघाली.

माजिदा अंगणात शिशी हातात धरून घमेल्यावर वाकलीच होती. घमेलं मात्र नवं होतं, स्टीलचं, आरशासारखं लख्ख.

"थांब गं! ओतू नको!" झुंबरबाईला धाप लागली होती. मग तिनं एका दमात सगळं सांगून टाकलं. नानांचे थेंब, पिवळं पाणी, आणि आपण नानांना काही सांगितलंच नव्हतं तेसुद्धा. "माझ्या पाण्यानंच घात केला माजिदा. आता तुझ्यातली थोडी दे. नाय म्हणालीस तरी मी काय म्हणणार नाय."

माजिदानं ओढणी तोंडावर धरली आणि खांदे गदगदायला लागले. झुंबरबाईला आधी वाटलं रडते की काय. पण ती हसत होती.

"या अल्ला! नानांनी लशीलाच धुऊन काढलं की!"

झुंबरबाईलाही हसू फुटलं. आवरेचना. सकाळपासूनचा सगळा ताण त्या हसण्यात निघून गेला.

"नाय कशाला म्हणीन आक्का?" माजिदा डोळे पुसत म्हणाली. "शंभराची बाटली. निम्म्यातसुद्धा तुमच्या नि माझ्या होऊन उरंल. पण तुमच्या तर टम्म पिऊन बसल्यात. आता पाणी कशाला तोंडात घेतील? डोळ्यातच टाकावं लागंल एकेकीच्या."

"टाकू. माझे गुडघे गेले खड्ड्यात."

मग त्या सकाळी दोन्ही परसांत जे झालं, ते बघायला तिकीट लावायला हवं होतं. नाना अपराधी चेहऱ्यानं कुंपणाशी उभे होते. झुंबरबाई ओरडली, "बघत काय उभे राहिलात? धरा!" नानांनी धोतर खोचलं. पहिली तलंग धरायला वाकले तर ती त्यांच्या दोन पायांमधून निसटली आणि नाना केळीच्या आळ्यात बसले. माजिदाला सुचलं, तिनं बाजरी टाकून सगळ्यांना खुराड्यात बोलावलं आणि दार लावून घेतलं. मग काम सोपं झालं. झुंबरबाई आतून एकेक काढायची, नाना मांडीवर पंख दाबून धरायचे, माजिदा डोळ्यात अलगद थेंब सोडायची. कोंबडी डोळा मिचकावायची की झालं. सुभेदारानं नानांच्या मनगटावर असा ओरखडा काढला की रक्त आलं. नाना हूं की चूं करेनात. "काढ बाबा," म्हणाले, "माझं तुझं फिटलं."

मग सगळे मिळून माजिदाच्या परसात गेले आणि तिच्याही कोंबड्या तशाच उरकल्या. बर्फ अजून थोडा शिल्लक होता.

लशीचं काम झालं, पण नानांचं मन काही सावरेना. त्यांनी खिशातली बाटली काढून फळीवर ठेवून दिली. हंड्यातही थेंब टाकेनात. झुंबरबाईनं एकदोनदा टोमणा मारून बघितला, तरी नाना गप्प. तिला आपल्याच बोलण्याचं वाईट वाटायला लागलं. हा माणूस टोमण्यावर चिडलेला परवडला, गप्प बसलेला नाही.

चार दिवसांनी माजिदा कुंपणाशी आली. "नाना, आता लस अंगात गेली. डॉक्टरांना फोन करून विचारलं मी, आता पाण्यात क्लोरीन चालतं म्हणाले, पण बेतानं. आमच्या घमेल्यात किती टाकायचं ते दाखवा ना. मला अंदाज नाय येत."

नाना उठले. बाटली घेतली, नळी घेतली, आणि पलीकडं जाऊन तिला अर्धा तास पाण्याचं पुराण ऐकवून आले. घमेलं सावलीत का ठेवायचं, ऊन लागलं की क्लोरीन कसं उडून जातं, रात्री पाणी का उपडं करायचं. येताना त्यांची चाल बदलली होती. झुंबरबाईनं चहा टाकला. "माझ्यात टाकू नका म्हंजे झालं," म्हणाली. नाना हसले.

मानमोडी आलीच. वैशाखात आली, आधी ओढ्यापलीकडच्या वस्तीवर, मग थेट गल्लीच्या तोंडाशी. झुंबरबाई पहाटे उठून खुराड्याला कान लावायची. कुणी जरा मान वळवून पिसं टोकरली तरी हिच्या काळजाचं पाणी व्हायचं. एक कोंबडी दिवसभर कोपऱ्यात बसून राहिली, तेव्हा तर तिला जेवण गेलं नाही. संध्याकाळी उचलून बघितलं, तर बया खुडूक बसली होती. असे दिवस गेले. गल्लीतली खुराडी रिकामी झाली. झुंबरबाईच्या आणि माजिदाच्या कोंबड्या मात्र उन्हात उकरत राहिल्या, अंडी घालत राहिल्या आणि कल्ला करत राहिल्या.

साथ ओसरल्याचं दवाखान्यातून कळलं, त्या संध्याकाळी झुंबरबाई ताटलीत गुळाच्या पोळ्या घेऊन माजिदाकडं गेली. मनात एक गोष्ट सलत होती. माजिदा शिलाई मशीन बंद करून ओट्यावर येऊन बसली.

"माजिदा," झुंबरबाई म्हणाली, "मागच्या साली तुझ्या पाण्यानं काय झालं नव्हतं. आपण दोघींनी लसच दिली नव्हती. मी उगाच चार बायकांत तुला नाय नाय ते बोलले. चुकले मी."

माजिदानं पोळीचा तुकडा मोडला. "शेवाळ तर होतं आक्का घमेल्यात. ते तुम्ही खरं बोलला."

"असंल. पण तेवढ्यानं मानमोडी येत नाय. तू तेव्हा काय बोलली का नाय गं मला? एक शब्द नाय बोललीस."

"काय बोलणार? तुमच्या गेल्या होत्या. तुम्हाला कुणावर तरी ओरडायचं होतं. आणि मला..." माजिदानं पोळीचा तुकडा परत ठेवला. "मला घरात जाऊन रडायचं होतं. माझ्या बी त्याच आठवड्यात गेल्या होत्या ना."

झुंबरबाईच्या हातातली ताटली तशीच राहिली. कुंपण केवढं, हात पुढं केला तर पलीकडं पोचावा एवढं. सगळं वरीस गेलं. आपलं परस मुकं झालं म्हणून तिनं वस्तीभर सांगितलं, बहिणीला सांगितलं, लेकींना फोनवर सांगितलं. पलीकडचंही परस त्याच आठवड्यात मुकं झालं, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

ती सरकून माजिदाच्या शेजारी बसली.

"किती होत्या गं तुझ्या?" तिनं विचारलं.

माजिदानं पाय पोटाशी घेतले आणि एकेकीचं नाव घेऊन सांगायला लागली. एक काळी होती, ती शिवताना मशीनपाशी येऊन बसायची. झुंबरबाई ऐकत राहिली.